वैतरण्याचं कॉमिक, फ्लोरिडाचा शेरा

नवं कोरं कॉमिक विकत घ्यायचं, न वाचता प्लास्टिकच्या पिशवीत सरकवायचं, अमेरिकेत फ्लोरिडाला पाठवायचं, तिथल्या तज्ज्ञांकडून त्याला दहापैकी गुण लावून घ्यायचे आणि कडक पारदर्शक पेटीत बंद होऊन परत आलं की चढ्या भावाने विकायचं. हा उद्योग ऐकायला विचित्र वाटतो, पण मोबाइलवर रोज त्याचे व्हिडिओ बघणाऱ्या पिढीला त्यात विचित्र काही वाटत नाही. विरारच्या पुढे, वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसर या बाजूला राहणाऱ्या, तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करून चार पैसे मागे टाकणाऱ्या तरुणाने या फंदात पडावं का, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे.

पोरखेळ म्हणून तो उडवून लावता येत नाही. 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १९३८ साली दहा सेंटला मिळत होता. त्याची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये १९३९ च्या 'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकाने तोही आकडा मागे टाकला आणि एक्क्याण्णव लाख डॉलर ओलांडले. दोन्ही प्रती गुण लावलेल्या, सीलबंद होत्या. पहिलीला ८.५, दुसरीला ९.० गुण होते. असे आकडे वाचून माळ्यावरची ट्रंक खाली उतरवावीशी वाटणं स्वाभाविक आहे. फक्त ते अंक ज्या काळात छापले गेले तेव्हा ते जपून ठेवण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात नव्हती. पोरांनी वाचले, फाडले, आयांनी रद्दीत घातले, महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमेत गेले. जे उरले ते म्हणून महाग. आपला प्रश्न नव्या अंकांचा आहे, आणि नवे अंक छापखान्यातून बाहेर पडतात तेच मुळी जपले जाण्यासाठी.

आधी ही पद्धत नीट समजून घेऊ. कॉमिकची प्रतवारी, म्हणजे 'ग्रेडिंग', करणारी 'सीजीसी' ही फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथली कंपनी २००० साली सुरू झाली. आपल्याकडे नोटा-नाणी जमवणाऱ्यांना तिच्या भावंडांची चांगली ओळख आहे. 'पीएमजी'च्या पेटीतली एक रुपयाची जुनी नोट किंवा 'एनजीसी'च्या पेटीतला चांदीचा रुपया मुंबईच्या लिलावात नेहमी दिसतो. या तिन्ही संस्था एकाच घरातल्या. कॉमिक तिथे पोचलं की पानं मोजली जातात, कुठे रंग भरलाय का, फाटलेलं चिकटवलंय का, कडा छाटल्यात का, हे पाहिलं जातं. एकाहून अधिक माणसं प्रत तपासतात आणि मग ०.५ पासून १० पर्यंतच्या मापावर गुण ठरतात. निळी पट्टी म्हणजे सरळ प्रत, जांभळी म्हणजे डागडुजी केलेली, पिवळी म्हणजे कंपनीच्या साक्षीदारासमोर सही घेतलेली, हिरवी म्हणजे गुण आहेत पण एक अट धरून. गुण लावणाऱ्यांना स्वतः कॉमिकचा धंदा करायला मनाई आहे. प्रत्येक अंकाच्या किती प्रती कोणत्या गुणाच्या निघाल्या याची जाहीर नोंद असते, तिला संग्राहक 'सेन्सस' म्हणतात. हा सेन्सस न बघता पैसे घालणारा माणूस सातबारा न बघता जमीन घेणाऱ्यासारखा.

या पद्धतीच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं सगळ्यात वजनदार कारण आपल्या भागातल्या माणसाला लागू पडतं. कॉमिकचा बाजार ओळखीवर चालतो. फोर्टच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी विक्रेता आपल्याला ओळखत असेल तर चांगली प्रत बाजूला काढून ठेवतो, नसेल तर ढिगाकडे बोट दाखवतो. इंटरनेटवर तर कुणीच कुणाला ओळखत नाही. टेक्सासमधल्या गिऱ्हाइकाने सफाळ्याच्या पत्त्यावरून कॉमिक का मागवावं? फोटोत सगळंच कोरं दिसतं. तुमची इंग्रजी जेमतेम, दुकान नाही, नाव नाही. पण पेटीवर ९.८ लिहिलेलं असेल तर त्याला तुमच्यावर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही. पेटीवरचा क्रमांक तो कंपनीच्या नोंदीत पडताळून घेतो आणि पैसे टाकतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानदाराला जो भाव मिळतो तोच वैतरण्याच्या पोराला मिळू शकतो. आम्ही या पद्धतीवर पुढे टीका करणार आहोत, पण ही गोष्ट लहान नाही आणि ती आधी मान्य करायला हवी.

आता नव्या कॉमिकचं बघू. आधुनिक म्हणजे कंपनीच्या व्याख्येत १९७५ पासूनचं. प्रत्यक्षात बाजारात जे नाचतं ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं. चकचकीत कागद, घट्ट छपाई, आणि घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेलं की हे जपायचंय. साहजिकच चांगल्या प्रतींचा तुटवडा नसतो. कित्येक नव्या अंकांच्या सेन्ससमध्ये सर्वाधिक प्रती ९.८ च्याच असतात, कारण ज्याला तेवढे गुण मिळतील असं वाटतं तोच माणूस प्रत पाठवतो. म्हणजे जुन्या अंकात दुर्मीळता अंकाची असते, नव्यात ती फक्त दशांश चिन्हानंतरच्या आकड्याची असते. ९.६ आणि ९.८ यांतला फरक साध्या डोळ्यांना दिसतही नाही, पण भावात तो कधी निम्म्यापर्यंत पडतो. ९.९ आणि १० क्वचित मिळतात. त्यांच्या भरवशावर हिशेब मांडणाऱ्याने लॉटरीचं तिकीट घ्यावं, ते स्वस्त पडतं.

नवं कॉमिक गुंतवणूक म्हणून घेण्याची साथ याआधीही येऊन गेली आहे. १९९१ साली 'एक्स-मेन'चा पहिला अंक निरनिराळ्या मुखपृष्ठांसह ऐंशी लाखांहून अधिक छापला गेला, आणि तो विक्रम गिनीजमध्ये नोंदला गेला. लोकांनी पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊन ठेवल्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये 'सुपरमॅन'च्या ७५व्या अंकात सुपरमॅन मेला, अंक काळ्या पिशवीत सीलबंद करून विकला, दुकानांपुढे रांगा लागल्या. ज्यांनी पोराच्या कॉलेजच्या फीसाठी त्या पिशव्या जपल्या त्यांना आज त्यातून पुस्तकांचे पैसेही निघत नाहीत. डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२०-२१ च्या टाळेबंदीत भाव पुन्हा आकाशाला टेकले आणि पुढच्या दोन वर्षांत खाली आले. आज जी मंडळी 'बाजार मंदावलाय, हीच वेळ आहे' असं सांगतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात तेव्हाचा माल पडून आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पण उलट उदाहरणंही आहेत आणि ती खरी आहेत. 'द वॉकिंग डेड'चा पहिला अंक ऑक्टोबर २००३ मध्ये निघाला तेव्हा साधारण सात हजार प्रती छापल्या गेल्या होत्या. कुणाचं लक्ष नव्हतं. २०१० मध्ये मालिका टीव्हीवर आली आणि त्याच अंकाची ९.८ ची प्रत हजारो डॉलरची झाली. आपल्या घराजवळचं उदाहरण त्याहून गमतीचं. २००४ मध्ये भारतात गॉथम कॉमिक्सने आणि अमेरिकेत मार्व्हलने 'स्पायडरमॅन: इंडिया' ही चार अंकांची मालिका काढली. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी घडवलेला पवित्र प्रभाकर नावाचा पोरगा खेड्यातून मुंबईत शिकायला येतो, धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारतो, मायाकाकू आणि भीमकाका त्याला सांभाळतात. त्या वेळी इकडच्या वाचकांनी तो अंक घेतला, वाचला, हसले आणि विसरले. मग जून २०२३ मध्ये 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' चित्रपटात पवित्र पडद्यावर आला. तो चित्रपट भारतात दहा भाषांत लागला, त्यांत मराठीही होती. एकाएकी जगभरचे संग्राहक त्या चार अंकांच्या मागे लागले. ज्याच्याकडे ते कोरे राहिले होते त्याने ग्रेडिंग करून घेतलं तर त्यात काहीही चूक नाही.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे: अंक निघाला तेव्हा कुणी त्याच्यावर पैसे लावत नव्हतं. आज दुकानात जो अंक 'पंचवीस प्रतींमागे एक' असा खास मुखपृष्ठाचा म्हणून मिळतो, त्याच्यावर मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा डोळा असतो.

हिशेब मांडून पाहू. आकडे अंदाजी आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत. डॉलर नव्वद रुपयांचा धरू. पाच डॉलरचं कॉमिक साडेचारशेला पडलं. नव्या अंकाच्या ग्रेडिंगची फी तीसेक डॉलर, म्हणजे सत्तावीसशे. दहा प्रतींचं पार्सल जायचं-यायचं भाडं बारा हजार धरलं तर एका प्रतीमागे बाराशे. झाले ४,३५०. दहा प्रतींचे ४३,५००. पारख चांगली असेल तर दहांतल्या सहांना ९.८ मिळाले, तिघींना ९.६ आणि एकीला ९.४ असं समजा. चालू, फारसं नाव नसलेल्या अंकाची ९.८ ची प्रत साठ डॉलरला गेली, ९.६ ची अडतीसला, ९.४ ची तीसला. एकूण ५०४ डॉलर, म्हणजे ४५,३६०. विक्रीच्या संकेतस्थळाने साधारण तेरा टक्के कापले की हातात ३९,४६० च्या आसपास. चार हजारांचं नुकसान, तेही काही महिने पैसे अडकवून. इस्त्री करून घेण्याचा म्हणजे 'प्रेसिंग'चा खर्च यात नाही, विम्याचा नाही, आणि गिऱ्हाइकापर्यंत पेटी पुन्हा अमेरिकेला पाठवण्याचाही नाही.

यात एक पळवाट मराठी माणसाला सहज सुचते: न्यू जर्सीतला भाचा. कॉमिकं गणपतीला आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून जातात, तिथूनच ग्रेडिंगला पाठवली जातात, पेट्या भाच्याच्या घरी परत येतात आणि तिथूनच विकल्या जातात. भाडं बारा हजारांवरून दोन हजारांवर आलं तर वरचा हिशेब सहा हजारांनी फायद्यात जातो. पण मग या धंद्याचं भांडवल कॉमिक नसून भाचा आहे. त्याने किती वेळा टपाल कचेरीत खेटे घालावेत, एखादी पेटी वाटेत तडकली तर कोणी कोणाला काय म्हणावं, याचा हिशेब वरच्या आकड्यांत बसत नाही. दोन-तीन वर्षांत नातं आंबतं, असं आमचं निरीक्षण आहे, आणि ते फक्त कॉमिकपुरतं नाही.

ज्याला असा भाचा नाही त्याला टपाल आणि कस्टम यांच्याशी गाठ आहे. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढून घेतली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने तिकडे जाणारी पार्सलं काही आठवडे थांबवली होती. छापील पुस्तकांवर आपल्याकडे २०१९ च्या अर्थसंकल्पापासून पाच टक्के सीमाशुल्क आहे. पण प्लास्टिकच्या जाड पेटीत बंद असलेली, फोडल्याशिवाय उघडता न येणारी वस्तू पुस्तक आहे हे कस्टमच्या टेबलावर पटवून देणं आणि ती आपलीच होती, फक्त गुण लावायला गेली होती, याचे कागद दाखवणं, ही कामं फोनवरून होत नाहीत. जाताना पावती, फोटो, किमतीचं पत्रक जोडलेलं नसेल तर येताना कपाळाला हात. नेमाने विकायचं ठरवलं तर आयात-निर्यात कोड घ्यावा लागतो आणि प्राप्तिकराचं चार्टर्ड अकाउंटंटला आधीच विचारावं लागतं. यातलं काही अशक्य नाही. पण दहा कॉमिकांसाठी एवढं करणाऱ्याने स्वतःच्या वेळेची मजुरीही लावून बघावी.

आणि मग आपली हवा. पालघर पट्ट्यात वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एका बाजूला समुद्र, मधे वैतरणेची खाडी आणि खाजणं. जुलैत भिंतीला हात लावला तरी ओला होतो. अशा घरात कॉमिकचं काय होतं ते बघण्यासाठी एक अंक खिडकीपाशी तिरक्या उजेडात धरून पाहावा. पहिल्यांदा नजर पाठीकडे जाते, जिथे दोन पिना असतात. पिनेच्या भोवती तांबूस कडा दिसली की गंज सुरू झालाय. तो कागदात उतरतो आणि मग पुसता येत नाही. पाठीवर आडव्या बारीक रेघा दिसतात, अंक उघडताना पडलेल्या. रेघेवर रंग तुटून आतला पांढरा कागद दिसत असेल तर ती कायमची, रंग शाबूत असेल तर प्रेसिंगने निघू शकते. कोपरे बोथट झालेत का ते नखाने नाही, डोळ्यांनी बघायचं. शेवटी अंक सपाट टेबलावर ठेवून डोळा टेबलाच्या पातळीला आणला की पावसाळ्यात कागदाला आलेली लाट दिसते. ही लाट दुकानातून आणताना नव्हती. एवढ्या तपासणीतच बहुतेक प्रती ९.८ च्या शर्यतीतून बाद होतात, आणि ही तपासणी फुकट आहे. ती न करता पार्सल पाठवणारे लोक फीचे पैसे भरून तेच ऐकून घेतात.

उपाय आहेत. आम्लविरहित पुठ्ठा, चांगली पिशवी, सिलिका जेलच्या पुड्या, लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, आणि अंक उभे, एकमेकांना टेकून. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांचा वास कागदात बसतो. कसर आणि वाळवी यांना निळ्या पट्टीची भीती नसते. शिवाय पेटी हवाबंद नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ९.८ चा शेरा ज्या दिवशी मिळाला त्या दिवसाचा आहे. पुढचे चार पावसाळे ती पेटी वैतरण्याच्या घरात कशी राहिली हे त्या पट्टीवर लिहिलेलं नसतं, आणि घेणारा ते गृहीतही धरत नाही. इथे ही पद्धत दमट मुलखातल्या विक्रेत्याला फायद्याची ठरते, असंही कुणी म्हणेल. प्रामाणिक माणसाने तसा फायदा घेऊ नये.

शेऱ्याच्या विश्वासार्हतेबद्दलही दोन शब्द. २०२३ च्या अखेरीस असं उघडकीस आलं की कुणीतरी चांगल्या गुणांच्या पेट्यांमधल्या प्रती बदलून, 'पेटीला तडा गेलाय, नवी द्या' म्हणून कंपनीकडूनच नवी पेटी मिळवत होता. आत कमअस्सल प्रत, बाहेर जुना शेरा. पुढे कंपनीने संशयित क्रमांकांची यादीच जाहीर केली. एवढ्यावरून सगळं खोटं म्हणण्यात अर्थ नाही, कारण चोरी पकडली गेली ती संग्राहकांनी जुने फोटो ताडून पाहिल्यामुळे, आणि फोटो-क्रमांकांची नोंद या पद्धतीमुळेच होती. ग्रेडिंग नसलेल्या बाजारात अशी चोरी पकडलीच गेली नसती. मात्र गुण हा माणसाने दिलेला असतो. तीच प्रत पेटीतून काढून पुन्हा पाठवली की ९.६ चे ९.८ होऊ शकतात, आणि पुन्हा पुन्हा पाठवून नशीब अजमावणारे लोक आहेत. परीक्षेत फेरतपासणीला फी असते तशी इथेही प्रत्येक खेपेला फी आहे, आणि ती कंपनीला मिळते.

पेटीत बंद केलेलं कॉमिक वाचता येत नाही, म्हणजे त्याचा जीवच गेला, अशी हळहळ नेहमी ऐकू येते. नव्या अंकांबाबत ती आम्हाला पटत नाही. ज्या अंकाच्या लाखभर प्रती छापल्या गेल्या, जो मोबाइलवर शंभर-दोनशे रुपयांत वाचता येतो, त्याची एक प्रत कुणी काचेत ठेवली म्हणून वाचकांचं काय बिघडलं? खुशाल ठेवावी. हळहळ करायची तर ती दुसरीकडे करायला हवी.

टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि १९९० पर्यंत चालवलं. मराठीत वेताळ आणि मँड्रेक त्यातूनच घराघरांत गेले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी त्यात बहादूर आणला. ही कॉमिकं स्टेशनवरच्या स्टॉलवर घेतली जात, गाडीत वाचली जात आणि उतरताना शेजाऱ्याला दिली जात. वाचनालयवाले ती दिवसाच्या भाड्याने देत, त्यासाठी पाठीला दोरा शिवत, कव्हरवर खाकी कागद चढवत, पहिल्या पानावर जांभळा शिक्का मारत. पोरं नाव घालत, कोडं पेनाने सोडवत, मिशा काढत. मग सगळं किलोच्या भावाने रद्दीत. फ्लोरिडाच्या मापाने बघितलं तर यातली प्रत्येक गोष्ट दोष आहे आणि बहुतेक प्रतींना दोन-तीन गुणही पडणार नाहीत. पण मराठी इंद्रजालच्या अमुक क्रमांकाच्या अंकाच्या किती प्रती आज शिल्लक आहेत हे सांगणारा सेन्सस कुठे आहे? दुर्मीळता इथे खरी आहे, मोजणारं कुणी नाही. बाजारात 'मिंट कंडिशन' म्हणून फोटो टाकला जातो आणि घरी येतं ते पाठ फाटलेलं, मधली चार पानं नसलेलं काहीतरी.

सहीचंच घ्या. आबिद सुरती मीरा रोडला राहिले. गळके नळ घरोघरी फुकट दुरुस्त करून देण्याच्या कामासाठीही लोक त्यांना ओळखतात. आपल्याच लोकल लाइनवर कुणी बहादूरच्या जुन्या अंकावर त्यांची सही घेतली असेल, तर आपल्या दृष्टीने त्या प्रतीचं मोल वाढलं. ग्रेडिंगच्या नियमात मात्र कंपनीचा साक्षीदार समोर नसताना घेतलेली सही म्हणजे सहसा मुखपृष्ठावर केलेलं लिखाण. हिरवी पट्टी लागेल किंवा गुण कापले जातील. नियम चुकीचा नाही, खोट्या सह्या ढिगाने असतात. तो नियम दुसऱ्या बाजारासाठी, दुसऱ्या माणसांसाठी केलेला आहे, इतकंच.

म्हणून आमचं मत एका बाजूला पूर्ण झुकत नाही. जुना, नाव झालेला आधुनिक अंक, पवित्र प्रभाकरसारखा, हाताशी असेल, तिरक्या उजेडात तो निर्दोष दिसत असेल आणि विकायचंच असेल, तर ग्रेडिंग करून घ्यावं. दुसऱ्याने आधीच ग्रेडिंग केलेली प्रत आवडीची असेल तर ती विकत घेण्यातही शहाणपण आहे, कारण वरच्या हिशेबातलं नुकसान विकणाऱ्याने सोसलेलं असतं. पण दर महिन्याला चालू अंकांच्या दहा-दहा प्रती घेऊन पार्सलं पाठवणं हा उत्पन्नाचा मार्ग म्हणून बोनसच्या पैशाने सुरू करू नये. कर्ज काढून तर मुळीच नाही. छंद म्हणून चार हजार गेले तर गेले, सिनेमा-हॉटेलातही जातात.

मराठी जुन्या अंकांबाबत मात्र उलटं सांगावंसं वाटतं. ते पेटीत घालण्याची घाई नको, आधी पानं स्कॅन करावीत. बालभारतीने 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक इंटरनेटवर मोफत खुले केले, त्यामुळे आज कुणी त्याची मूळ प्रत काचेत ठेवली तरी वाचकाचं नुकसान नाही. इंद्रजालच्या हक्कांचा प्रश्न वेगळा आहे, पण स्वतःकडच्या प्रतीची स्वतःपुरती नोंद ठेवायला कुणी अडवलेलं नाही. आणि विकताना फ्लोरिडाच्या शेऱ्याची वाट न बघता तिथली शिस्त उचलावी. विरार-डहाणू पट्ट्यातल्या दहा-पंधरा संग्राहकांनी एक पानभर नमुना ठरवला तरी पुरे: अंक क्रमांक, भाषा, पानं मोजून पूर्ण आहेत का, पिना मूळच्या की बदललेल्या, पाठ शिवली आहे का, छाटली आहे का, कसर, ओल, पेनाचं लिखाण, आणि तिरक्या उजेडातले चार फोटो. विकणाऱ्याने तो भरून सही करायची, खोटं निघालं तर पैसे परत. गुण द्यायचे की नाहीत ते नंतर बघता येईल.

हा नमुना आम्ही दोन-चार जाणत्यांना दाखवला तेव्हा वाद एकाच रकान्यावर झाला. एक म्हणाले, वाचनालयाचा शिक्का दोषांत लिहा, त्याने भाव पडतो. दुसऱ्यांचं म्हणणं, कोणत्या गावच्या वाचनालयाचा शिक्का आहे त्यावरून अंक कुठे कुठे वाचला गेला ते कळतं, तो वेगळ्या रकान्यात हवा आणि त्याने भाव चढला पाहिजे. सध्या दोन्ही रकाने ठेवले आहेत.